पट्टा पडल्यावर

आमच्या बीड जिल्ह्यात ‘हंगाम’ हा शब्द एकटा आला तर त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. शेतीविषयी बोलायचे असेल तर खरिपाचा किंवा रब्बीचा असे म्हणावे लागते. नुसता ‘हंगाम’ म्हणजे उसाचा. ‘पोरगं कुठंय?’ ‘हंगामाला गेलंय.’ एवढ्यावर बोलणे पुरे होते. दसरा-दिवाळीच्या सुमारास बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावे ट्रक-ट्रॅक्टरांत बसून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिकडे कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबले, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. मधले पाच-सहा महिने गावात राहतात ती थकलेली माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली काही मुले.

दशकभरापूर्वी या शब्दाला दुसरा एक अर्थ येऊन चिकटला. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि क्रीडापानांवर तिचा पहिला हंगाम, दुसरा हंगाम अशी मोजणी होऊ लागली. ज्या खेळाला आजवर फक्त स्पर्धा ठाऊक होत्या, त्याला हंगाम आला. या दोहोंत फरक आहे. स्पर्धेला माणूस जातो, तीन-चार दिवस खेळतो, ढाल घेऊन किंवा न घेता घरी येतो. हंगाम धंद्याचा असतो. त्यात करार असतो, मोबदला असतो, शरीराची झीज असते आणि हंगाम संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न असतो. हा शेवटचा प्रश्न ऊसतोड कामगाराला आणि कबड्डीपटूला सारखाच पडतो. पुण्याच्या एका संघाने त्याचे जे उत्तर शोधले, ते बीडच्या कामाचे आहे असे मला वाटते. म्हणून हा लेखप्रपंच.

तो संघ म्हणजे पुणेरी पलटण, आणि तो हंगाम म्हणजे लीगचा दहावा. २ डिसेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत तो सुरू झाला. बारा संघ, बारा शहरे आणि प्रत्येक संघाचे २२ साखळी सामने. एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे, तिथले सामने खेळायचे आणि पुन्हा सामान बांधायचे. बिऱ्हाड पाठीवर घेण्याचा हा प्रकार आमच्याकडच्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको. पलटणीने या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. ९६ गुण मिळवून ती तक्त्यात पहिली आली. उपांत्य सामन्यात तिने पाटणा पायरेट्सचा ३७-२१ असा सरळ पराभव केला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सविरुद्धचा अंतिम सामना मात्र शेवटपर्यंत ताणला गेला. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले, त्या धक्क्यातून हरियाणा पुरते सावरले नाही आणि २८-२५ असा सामना संपला. पहिल्या दोन हंगामांत तळाशी राहिलेल्या संघाने दहाव्या हंगामात पहिले विजेतेपद घेतले.

हे आकडे तेव्हा सर्वत्र छापून आले. त्यांच्यामागचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही, आणि मला रस आहे तो हिशेबात.

या संघाचा कर्णधार होता अस्लम इनामदार. गाव टाकळीभान, तालुका श्रीरामपूर. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. लहानपणीच वडील गेले, आईने कष्टाची कामे करून घर चालवले. अशा घरातला मुलगा कबड्डी खेळतो म्हणजे कामाचे तास बुडवतो, असेच शेजारीपाजारी म्हणत असणार. त्याला उचलले ते ‘युवा पलटण’ या तरुणांच्या तुकडीने. लीगमध्ये उतरण्याआधी मुलांना एकत्र ठेवायचे, खाऊपिऊ घालायचे, सराव द्यायचा, लहानमोठ्या स्पर्धांत खेळवायचे, यासाठी पुण्याच्या संघाने ही तुकडी उभी केली होती. अस्लम आणि हरियाणाचा मोहित गोयत आठव्या हंगामात, २०२१-२२ मध्ये, नवखे म्हणून मॅटवर उतरले. नवव्या हंगामात संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, पण नेमके हेच दोघे जायबंदी होते आणि जयपूरने २९-३३ असे हरवले. अशा वेळी संघमालक काय करतात? बहुधा प्रशिक्षक बदलतात, निम्मा संघ सोडून देतात आणि पुढच्या लिलावात पैशांची पिशवी मोकळी करतात. पुण्याने या दोघांना ठेवले, नाशिकच्या आकाश शिंदेला ठेवले, पंकज मोहिते आणि संकेत सावंत यांना ठेवले. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताने कबड्डीचे सुवर्ण जिंकले, त्या संघात अस्लम आणि आकाश दोघेही होते. दहाव्या हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून अस्लमचीच निवड झाली.

याच हंगामातले दुसरे टोक पाहण्यासारखे आहे. लीगच्या तोवरच्या इतिहासातला सर्वांत महागडा खेळाडू पवन सेहरावत तेलुगू टायटन्सने २ कोटी ६० लाखांहून अधिक रक्कम मोजून घेतला होता. पवन मोठा खेळाडू आहे, याविषयी दुमत नाही. पण टायटन्सने २२ पैकी अवघे २ सामने जिंकले आणि ते शेवटच्या क्रमांकावर राहिले. एका चढाईपटूने सात जणांचा संघ होत नाही, हे गल्लीत कबड्डी खेळलेल्या कुणालाही ठाऊक असते.

पुण्याने पैसा लावलाच नाही असे म्हणणे मात्र लबाडीचे ठरेल. इराणचा महंमदरेझा शादलू त्यांनी त्याच लिलावात २ कोटी ३५ लाखांना घेतला आणि पकडीच्या गुणांत तो त्या हंगामात सर्वांच्या पुढे राहिला. पैसा लागतोच. प्रश्न तो कुठे, कधी आणि किती काळासाठी लावायचा, एवढाच असतो. हा प्रश्न माझ्या जुन्या धंद्यातला आहे. बँकेत ग्रामीण शाखेत काम करणाऱ्याला पहिल्या वर्षीच कळते की पीककर्ज आणि फळबागेचे कर्ज या दोन वेगळ्या वृत्ती आहेत. पीककर्ज एका हंगामाचे. पेरणीला दिले, काढणीला वसूल केले, पीक गेले तर दोघेही बुडाले. मोसंबीच्या बागेला कर्ज देताना पहिली काही वर्षे फळाची अपेक्षाच धरायची नसते. झाड वाढवायचे, पाणी द्यायचे, हप्ता लांबणीवर टाकायचा. पलटणीने शादलूसाठी पीककर्ज काढले आणि अस्लमसाठी बागेचे. पुढच्या हंगामात शादलू हरियाणाकडे गेला आणि हरियाणा विजेते झाले. अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने मध्येच बाहेर पडला आणि पलटण बाद फेरीलाही पोचली नाही. २०२४ चे ते वर्ष फुकट गेले. पण बाग शाबूत होती. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी बाराव्या हंगामाचा अंतिम सामना दिल्लीत झाला, तेव्हा दबंग दिल्लीसमोर उभा असलेला संघ पुण्याचाच होता. तो २८-३१ असा हरला. पण चार हंगामांत तीनदा अंतिम सामना गाठणाऱ्या संघाला नशिबाने साथ दिली असे कुणी म्हणू नये.

माझ्या पिढीतल्या कबड्डीप्रेमींना हे सारे फारसे रुचत नाही. मातीवरचा खेळ मॅटवर गेला, उघड्या मैदानावरून दिव्यांच्या झगमगाटात आला, आणि सर्वांत वाईट म्हणजे माणसांचा लिलाव होऊ लागला, असे ते म्हणतात. शंकरराव तथा बुवा साळवींनी आयुष्य वेचले ते या बाजारासाठी का, असाही सवाल येतो. त्यातली कळकळ खरी आहे. लिलाव हा शब्द माणसाला लावलेला ऐकताना मलाही कसेसेच होते. पण बीडमध्ये राहणाऱ्याने या शब्दाचा विटाळ मानण्यापूर्वी आपल्या वेशीवर दसऱ्याच्या आसपास काय चालते ते पाहावे.

तिथेही संघच बांधले जातात. त्यांना टोळी म्हणतात. मुकादम कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून पैसा उचलतो आणि टोळीतल्या जोडप्यांना उचल देतो. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. माणसे मोजायची ती कोयत्यांत. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. उचल मिळते ती लग्नाला, आजाराला, घराच्या पत्र्यांना आणि मागच्या उचलीची बाकी फेडायला खर्च होते. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. आजारी पडले, काम बुडाले की खाडा लागतो, तो अंगावर चढतो. पट्टा पडला तरी बाकी निघते आणि पुढच्या हंगामाला ती बाकी कोयत्याबरोबर जाते.

आता दोन्ही हंगामांची कागदपत्रे शेजारी ठेवून पाहा. कबड्डीच्या दहाव्या हंगामात अगदी खालच्या, म्हणजे ‘ड’ गटातल्या खेळाडूची लिलावातली मूळ किंमत ९ लाख रुपये होती. वरच्या ‘अ’ गटाची ३० लाख. ही किंमत सगळ्या देशासमोर पुकारली जाते. ती खेळाडूचे उत्पन्न असते, त्याच्या डोक्यावरचे कर्ज नसते. मुकादमाची उचल बंद खोलीत ठरते आणि ती पहिल्या दिवसापासून कर्ज असते. योगायोग असा की कबड्डीचा दहावा हंगाम ऐन भरात असताना, जानेवारी २०२४ मध्ये, ऊसतोड कामगारांच्या दरात ३४ टक्के वाढ करण्याचा करार पुण्यात झाला. त्यासाठी संप, बैठका, नेत्यांच्या मध्यस्थ्या असे सगळे करावे लागले. वाढ चांगलीच होती. पण दर वाढला म्हणून उचलीची साखळी तुटत नाही. वाढीव दरावर वाढीव उचल मिळते एवढेच.

शरीराचा हिशेब तर याहून बोलका आहे. खेळाडूचा गुडघा दुखावला की संघाचा डॉक्टर धावतो, तपासण्या होतात, वर्तमानपत्रे बातमी देतात. कारण तो गुडघा संघाचे भांडवल असतो. ऊसतोड बाईची कंबर, तिची पाळी, तिचे गर्भाशय हे कुणाच्या ताळेबंदात नसते. २०१९ मध्ये या प्रश्नाची विधिमंडळात चर्चा झाली, समिती नेमली गेली, तेव्हा बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. अंगावर मोळी वाहणाऱ्या बाईला दुखण्यापेक्षा खाड्याची भीती जास्त वाटते, हे त्या आकड्याचे एक कारण होते. ज्या जिल्ह्यात हे घडते, तिथल्या माणसाला कबड्डीचा लिलाव अमानुष वाटत नाही. उलट, एवढी तरी किंमत उघडपणे बोलली जाते याचे त्याला नवल वाटते.

तेव्हा धंदेवाईक हंगाम वाईट, असा माझा मुद्दा नाही. बीडच्या माणसाच्या वाट्याला दुसऱ्यांचेच हंगाम येतात, हा मुद्दा आहे. साखर पश्चिम महाराष्ट्राची, कोयता आमचा. खेळातही तेच घडत आले आहे.

आमच्या जिल्ह्याने दिलेली माणसे पाहा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे मजुरी करणाऱ्या आईबापांचा मुलगा. तो अडथळ्यांच्या शर्यतीत राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकून आला, २०२४ मध्ये पॅरिसला ऑलिंपिकची अंतिम फेरी धावला. त्याला धावपटू केले ते लष्कराने. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कुस्तीचे सुवर्ण आणि पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य घेऊन आला. त्याला घडवले पुण्याच्या तालमींनी. केज तालुक्यात मूळ गाव असलेली प्रियांका इंगळे १९ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार होती. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० असा तो विजय होता. तीही वाढली, खेळली ती पुण्यात. जिल्ह्यातच राहून मोठा झालेला एक सचिन धस. फेब्रुवारी २०२४ मध्ये एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने ९६ धावा काढून भारताला अंतिम फेरीत नेले. त्याच्यामागे वडिलांचा ध्यास आणि एका स्थानिक प्रशिक्षकाची वर्षानुवर्षांची मेहनत होती. हा अपवाद महत्त्वाचा आहे, कारण इथे राहूनही माणूस घडू शकतो हे तो सांगतो. पण एका घराच्या ध्यासावर जिल्ह्याचे धोरण चालत नाही.

प्रियांका इंगळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बोलायला हवी. जगज्जेत्या संघाच्या या कर्णधाराला धंदेवाईक हंगाम कुठला? ‘अल्टिमेट खो-खो’ २०२२ मध्ये सुरू झाली, तिचे पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचे झाले. प्रो कबड्डीवाल्यांनी २०१६ मध्ये तीन संघांची महिलांची स्पर्धा चौथ्या हंगामाला जोडून घेतली. पुढच्या वर्षी पुरुषांचे संघ आठाचे बारा झाले आणि बायकांचे तीनही दिसेनासे झाले. कोयता मोजताना बाई धरली जाते, हंगाम मोजताना ती गळते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. संघ हंगामात जिंकतो, पण तो तयार होतो हंगाम नसताना, आणि नेमका हाच काळ बीडच्या मुलांच्या वाट्याला येत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत एखादा खेळवेडा मास्तर असतो. जूनपासून तो कबड्डीची, खो-खोची पोरे जमवतो. पावसाळ्यात तालुक्याचे सामने होतात, मग जिल्ह्याचे. पोरे रंगात येतात, विभागाची स्वप्ने पडू लागतात आणि दिवाळी येते. संघातली दोन-चार मुले आईबापांबरोबर फडावर निघून जातात. कुणी धाकट्या भावंडाला सांभाळायला, कुणी वाढे गोळा करायला, थोडी मोठी असतील तर थेट कोयता धरायला. सात जणांच्या संघातला उजवा कोपरा गेला की मास्तरने कुणाला घेऊन सराव करायचा? एप्रिलमध्ये मुले परततात तेव्हा परीक्षा आलेल्या असतात, ऊन तापलेले असते. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून. मुलींचे तर त्याहून कठीण. पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या काळजीपोटी तिला फडावर नेतात किंवा तिचे लवकर लग्न लावून नवा कोयता तयार करतात.

या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. आईबाप गेले की मुलांनी गावातच राहावे, शाळेत जावे आणि त्यांना जेवण मिळावे, हा तिचा हेतू. अनेकदा ती वेळेवर सुरू होत नाहीत. दिवाळीला टोळ्या निघून जातात आणि मंजुरीचा कागद मागाहून येतो. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवान बाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. प्रत्येक तालुक्यात एक मुलांचे, एक मुलींचे. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, असेही ठरले. म्हणजे इमारतीचा विचार झाला आहे, पैशाचा मार्ग आखला गेला आहे. मैदानाचा विचार तेवढा राहिला आहे.

माझे म्हणणे साधे आहे. या प्रत्येक वसतिगृहाला एक आखलेले मैदान आणि एक पगारी, कायम प्रशिक्षक जोडावा. कबड्डीला पुरुषांसाठी १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा लागते, मुलींना त्याहूनही कमी. खो-खोला दोन खांब आणि चुन्याच्या रेषा. याहून स्वस्त खेळ जगात शोधून सापडायचे नाहीत. खर्च आहे तो माणसाचा, प्रशिक्षकाचा. आणि तो एका वर्षाचा मंजूर करून भागणार नाही. सलग दहा वर्षांची हमी हवी. पहिली पाच वर्षे कुणी ढाल मागू नये, फोटो मागू नये, विधानसभेत किती पदके आली असा प्रश्न विचारू नये. मोसंबीला तिसऱ्या महिन्यात फळ मागणाऱ्याला आपण वेडा म्हणतो.

आपल्याकडे खेळावर पैसा खर्च होत नाही असे नाही. नेत्याच्या वाढदिवसाला चषक होतात, पहिले बक्षीस लाखात असते, मंडपाला आणि डीजेला त्याहून जास्त जातात. पदक मिळाले की मिरवणूक निघते, सत्कार होतात, जमिनीच्या आणि नोकरीच्या घोषणा होतात. हे सगळे पीककर्ज आहे, आणि तेसुद्धा पीक निघाल्यावर दिलेले! झाड लावताना कुणी यायचे नाही आणि फळाच्या टोपलीबरोबर छायाचित्राला सगळे. एका वाढदिवसाच्या चषकाच्या खर्चात एका प्रशिक्षकाचा वर्षाचा पगार निघेल की नाही, हे आयोजकांनीच खासगीत सांगावे.

यावर आक्षेप येईल तो मला ठाऊक आहे. हजारात एखादा अस्लम होतो, बाकीच्यांचे काय? कबड्डी खेळून पोट भरते का? बहुतेकांचे भरणार नाही, हे खरे. पण हजारातले नऊशे नव्याण्णव हंगामभर गावात राहिले, शाळेत टिकले, दोन वेळा जेवले आणि संध्याकाळी मैदानावर घाम गाळून झोपले, तर तो तोटा कुणाच्या खात्यावर लिहायचा? दहावीपर्यंत पोचलेली मुलगी पंधराव्या वर्षी कोयता होत नाही. पोलीस भरतीला, सैन्य भरतीला पळणारी आमच्याकडची पोरे भल्या पहाटे डांबरी रस्त्यावर पळतात. त्यांना मैदान मिळाले तर गुडघे तरी वाचतील. शिवाय ऊसतोडणीची यंत्रे फडात उतरू लागली आहेत. आज ज्या कोयत्यावाचून कारखाना चालत नाही, त्याची उद्या गरज उरणार नाही, तेव्हा या मुलांच्या हातात काय असावे याचा विचार आज करायला हवा. खेळ हे त्याचे संपूर्ण उत्तर नाही. पण खेळाच्या निमित्ताने मूल एका जागी राहते, आणि एका जागी राहणे ही बाकी सगळ्या उत्तरांची पहिली पायरी आहे.

कबड्डीचा एक नियम मला फार आवडतो. गडी बाद झाला तरी तो घरी जात नाही. रेषेबाहेर बसून राहतो आणि आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की उठून पुन्हा आत येतो. त्याचे उठणे दुसऱ्याच्या चढाईवर अवलंबून असते. पलटणीचा २०२४ चा वाया गेलेला हंगाम आणि २०२५ चा अंतिम सामना यांच्यामध्ये हाच नियम मला दिसतो. कर्णधार बाहेर बसला तेव्हा त्याला परत आत घेणारी माणसे संघाकडे होती. आमच्या मास्तरचा उजवा कोपरा दर दिवाळीला बाद होतो आणि त्याला उठवणारे कुणी नसते.

यंदाचा उसाचा हंगामही उरकेल. पट्टा पडेल, कोप्या मोडतील, ट्रॅक्टर बीडच्या वाटेला लागतील. माणसे घरी पोचतील तेव्हा मुकादमाकडे बाकीचा आकडा तयार असेलच. त्याच गावात एखादी आखलेली चौकट, तिच्यावर खेळणारी आपली पोर आणि पोरगा, आणि त्यांना नावानिशी ओळखणारा एक प्रशिक्षक त्यांच्या दृष्टीस पडला, तर पुढच्या दसऱ्याला निदान एक-दोन घरे मुकादमाला म्हणतील, ‘आम्ही येतो, लेकरं इथंच राहतील.’ माझ्या मते बीडचा स्वतःचा हंगाम त्या दिवशी सुरू झाला असे धरायला हरकत नाही.